लाल वही आणि दोन लाख अठरा हजार: एका जुन्या डिझायरचं प्रकरण

माझा मावसभाऊ साताऱ्यात औषध कंपनीचा एमआर आहे. सोमवारी कराड, मंगळवारी फलटण, मध्येच वाई-पाचगणी आणि महिन्यातून दोनदा पुण्याला मीटिंग. महिन्याला साधारण २,२०० किलोमीटर. २०२४ च्या मे महिन्यात त्याची जुनी पेट्रोल गाडी दमली आणि त्याचा फोन आला, "दादा, तीन लाखांत डिझेल बसवून दे."

मी बारा वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत, त्यामुळे घरात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की फोन मलाच येतो. बहुतेकांना मी डिझेल घेऊ नका असंच सांगतो. रोज दहा किलोमीटर ऑफिसला जाऊन येणाऱ्याने जुनी डिझेल गाडी घेणं म्हणजे फुकटचं दुखणं आहे. इंजिन धड तापतही नाही, ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने भरतो आणि वाचलेले पैसे डिझेल फवारणाऱ्या एका इंजेक्टरमध्ये जातात. पण याचं प्रकरण वेगळं होतं. तेव्हा डिझेल ९१ च्या आसपास होतं आणि पेट्रोल १०५. डिझेल गाडीने १९ चं ॲव्हरेज दिलं तर महिन्याला साडेदहा हजार, पेट्रोल गाडीने साडेपंधराचं दिलं तर जवळपास पंधरा हजार. महिन्याला चार-साडेचार हजारांचा फरक. सीएनजी अजून स्वस्त पडला असता, पण याच्या डिकीत औषधांचे खोके असतात आणि पंपावरच्या रांगेत उभं राहायचं तर डॉक्टरांच्या वेळा चुकतात. म्हणजे डिझेलच.

मॉडेलवर फार चर्चा झाली नाही. दुसऱ्या पिढीची स्विफ्ट डिझायर, व्हीडीआय. २०१२ मध्ये आलेली, चार मीटरच्या आत बसवलेली. आत १,२४८ सीसीचं ७५ पीएसचं इंजिन. हे इंजिन मूळ फियाटचं. मारुतीने ते डीडीआयएस नावाने विकलं, टाटाने क्वाड्राजेट म्हणून आणि फियाटने मल्टिजेट म्हणून. आपल्याकडे पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत होतं. इतक्या गाड्यांत ते बसलंय की कुठल्याही तालुक्याच्या गावात त्याचा हात बसलेला मेस्त्री सापडतो आणि सुटे भाग मिळतात. जुन्या गाडीच्या बाबतीत माझ्या लेखी हा गुण पॉवर-टॉर्कच्या आकड्यांपेक्षा मोठा आहे. शिवाय या इंजिनाला ठरावीक अंतराने बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तेव्हा मारुतीने डिझेल बंद केलं. त्यामुळे तेव्हा बाजारात ज्या होत्या त्या बरीच वर्षं जुन्या, आणि डिझेल असल्याने भरपूर पळालेल्या.

आणि इथेच गंमत सुरू होते, कारण विकायला आलेल्या गाड्यांची मीटरं मात्र फारशी पळालेली नसतात.

पहिली गाडी पुण्यात, जुन्या गाड्यांच्या एका दुकानात पाहिली. २०१४ ची, मीटरवर ७८,०००, किंमत ४,२५,०००. भाऊ भाळलाच. पॉलिश केलेली, आत सुवासिक, सीटला नवे कव्हर. मी कव्हर वर करून ड्रायव्हर सीटची दाराकडची कड पाहिली. फोम पार बसला होता. ब्रेक पेडलचं रबर एका कोपऱ्यात घासून गुळगुळीत आणि क्लचचं मात्र कोरं करकरीत, म्हणजे नवीन बसवलेलं. छतावर कडेला कॅरिअरच्या पायांचे दबलेले ठसे. घरगुती गाडी इतकी वर्षं कॅरिअर घेऊन हिंडत नाही. शेवटी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर, आतल्या बाजूला, कुठल्याशा गॅरेजचं ऑइल बदलल्याचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं दिसलं. तारीख गेली होती, पण 'पुढील सर्व्हिस १,५१,०००' एवढं वाचता येत होतं. नंतर गाडीच्या नंबरावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं, तर २०१९ मधली शेवटची नोंद १,३१,००० ची निघाली.

मीटर मागे घेतलं होतं. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईकच मागतं. दोन लाख किलोमीटरवरची गाडी दाखवली तर दारातून परत जातं." माणूस लबाड होता, पण हे खोटं बोलला नाही.

दुसरा पर्याय दिल्लीच्या गाडीचा आला. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तेव्हापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इकडे स्वस्तात येत होत्या. चांगल्याही असायच्या त्यातल्या काही. पण इथला रोड टॅक्स वेगळा भरायचा, पासिंगचे हेलपाटे घालायचे, आणि मूळ मालक हजार-दीड हजार किलोमीटरवर. गाडीचा इतिहास कुणाला विचारायचा? तो विषय चहा संपायच्या आत संपला.

तिसरी गाडी साताऱ्यातच निघाली. बियाणांच्या कंपनीत फिरतीवर असलेले एक काका त्याच महिन्यात निवृत्त झाले होते. २०१३ च्या मार्चचं पासिंग, पहिलाच हात, मीटरवर २,१८,४००. मागणी ३,१०,०००. भाऊ आकडा ऐकूनच मागे सरला. म्हटलं, एकदा बघायला काय जातंय.

काकांनी गाडीच्या किल्लीआधी एक लाल वही पुढे केली. बाजारहाटाची असते तशी, पुठ्ठ्याची. त्यात पहिल्या दिवसापासून भरलेल्या प्रत्येक डिझेलची नोंद: तारीख, मीटर, लिटर, पंपाचं गाव. दर वेळी टाकी फुल. सर्व्हिसची पानं मागून सुरू केलेली. दर दहा हजारांना ऑइल, एक-आड-एक सर्व्हिसला डिझेल फिल्टर. २०२० च्या लॉकडाउनच्या पानावर फक्त एक ओळ होती: 'गाडी तीन महिने उभी. बॅटरी बदलली.'

मला त्या वहीत गाडीपेक्षा जास्त दिसलं. अकरा वर्षांत २,१८,००० म्हणजे वर्षाला वीस हजारांच्या आत. पंपांची गावं बघितली तर सातारा, सांगली, सोलापूर, पंढरपूर. म्हणजे लांबचा, मोकळ्या रस्त्याचा प्रवास. डिझेल इंजिन झिजतं ते थंड असताना आणि गर्दीत रडतखडत चालताना. पाचव्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवर शंभर किलोमीटर गेलेल्या इंजिनाचं फारसं काही बिघडत नाही. त्या शंभर किलोमीटरमध्ये क्लच पाच-दहा वेळा दाबला जातो. शहरात तेवढ्याच अंतरात शेकडो वेळा. दुकानातल्या गाडीचे दीड लाख कुठे, कसे, कुणाच्या पायाखाली गेले हे कुणीच सांगू शकत नव्हतं. इथे प्रत्येक टाकीचा हिशेब होता.

पण वही फक्त कौतुकापुरती नव्हती. मी मोबाइल काढून शेवटच्या दोन वर्षांचं ॲव्हरेज काढलं. टाकी दर वेळी फुल केलेली असल्यामुळे ते नेमकं निघतं. २०२३ च्या पावसाळ्यापर्यंत वीसच्या वर-खाली. मग १९, १८, आणि शेवटच्या सहा टाक्यांना १७. काकांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. ते म्हणाले, "एसी जास्त लावत असेन." एसीने एवढं पडत नाही. काहीतरी होतं, आणि ते स्वस्त आहे की महाग यावरच व्यवहार ठरणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही परत गेलो. काकांना आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, गाडी चालू करू नका. बोनेटला हात लावून इंजिन गार असल्याची खात्री केली आणि मग किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू. चेनचा खडखडाट ऐकण्यासाठी मी पुढच्या चाकापाशी कान लावून उभा होतो. ऑइलमध्ये हयगय झालेली असेल तर या इंजिनाची चेन ढिली पडते आणि गार असताना पहिले काही सेकंद साखळी आपटल्यासारखा आवाज येतो. तसा आला नाही. धूर पांढरा नाही, निळा नाही. रेस दिल्यावर मात्र एक काळा भपकारा.

ऑइलचं झाकण उघडून उलटं करून तोंडावर नुसतं ठेवलं. हलकं थरथरलं, पण उडालं नाही. पिस्टनच्या रिंगा झिजून सिलिंडरमधला दाब खाली गळत असेल तर झाकण तिथे नाचतं. डिपस्टिकचं ऑइल काळं होतं, त्यावर भावाने माझ्याकडे बघितलं. डिझेलचं ऑइल बदलल्यावर शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळंच होतं, त्यात काही नाही. बोटांत चोळून बघायचं, कचकच लागते का. झाकणाच्या आतून सायीसारखं पिवळट काही साठलंय का, कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग आहे का, हेही पाहिलं. नव्हतं.

मग घाट. साताऱ्यात राहण्याचा हा फायदा आहे, यवतेश्वरचा घाट गावाला लागूनच सुरू होतो. आम्ही चौघं बसलो, एसी लावला आणि तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवरून गाडी ओढायला लावली. या इंजिनाचा टॉर्क दोन हजारांना पूर्ण मिळतो. त्याआधी ते जरा सुस्तच असतं, तो दोष नाही. पण दोन हजारांच्या पुढेही ही गाडी हवी तशी उठत नव्हती, आणि एका वळणानंतर फुस्स असा हवा सुटल्याचा आवाज आला. काच खाली करून ऐकला तेव्हा मला बरंच हायसं वाटलं. क्लच घसरत नव्हता, म्हणजे आरपीएम चढतोय आणि गाडी जागच्या जागी असं होत नव्हतं, पण पेडल वर येऊन पकडत होतं. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून बघितलं, गिअर उडाला नाही. खाली आल्यावर तापलेलं इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू केलं. हे बहुतेक लोक करत नाहीत. इंजेक्टर आतून गळत असतील तर रेलमध्ये, म्हणजे त्यांना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, पुरेसा दाब बनत नाही आणि गार असताना सरळ चालू होणारी गाडी गरम असताना स्टार्टर मारत बसते. हिने किंचित जास्त वेळ घेतला. किंचितच. मी ते मनात ठेवलं.

तिथून थेट माझ्या ओळखीच्या मेस्त्रीकडे. बंपरच्या मागे, टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपला खालच्या बाजूने चीर होती आणि आजूबाजूला तेलकट काजळी. टर्बोने दाबलेली हवा तिथून बाहेर जात होती, डिझेल मात्र तेवढंच पडत होतं. काळा धूर, मंद पिकअप, घसरलेलं ॲव्हरेज हे सगळं तिथे येऊन जुळत होतं. एकोणीसशे रुपयांचा पाइप. टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवून बघितला. बाजूला जरासा हलणं चालतं, पुढे-मागे हलता कामा नये. नव्हता हलत. आत तेलाचा पातळ थर होता, थारोळं नव्हतं.

मग गाडीचे डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याला बोलावलं. त्याने चारही इंजेक्टरच्या, उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन काही मिनिटं चालवलं. तीन बाटल्या सारख्या भरल्या, तीन नंबरची जवळपास दीडपट. गरम असताना वेळ लागण्याचं कारण ते होतं. पंपवाला म्हणाला, "आज काढायची गरज नाही. पण वर्ष-दीड वर्षात हा पैसे मागणार."

पुराचं पाहणं राहिलं होतं. काकांच्या फिरतीत सांगलीही होती, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्या भागात किती गाड्या पाण्यात गेल्या हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढला, कारण धुणारे लोक गुंडाळलेला भाग विसरतात आणि गाळाची रेघ तिथे राहते. सीटच्या रुळांवर गंज, गालिच्याखाली माती, काही नाही. डिकीत स्टेपनीची खोल जागा रिकामी करून पत्र्याच्या कडा पाहिल्या, वेल्डिंग कंपनीचंच होतं. विम्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस होता, म्हणजे निदान पाच वर्षांत अपघाताचा दावा केलेला नाही. हा बोनस मात्र माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तो गाडीबरोबर मिळत नाही, हे भावाला नंतर हप्ता भरताना कळलं.

तर हिशेब असा मांडला. पासिंग मार्च २०२८ पर्यंत. त्यानंतर फिटनेस, पर्यावरण कर, नूतनीकरण. त्या भानगडीत पडायचं नाही असं भावाने आधीच ठरवलं होतं. म्हणजे हातात ४५ महिने आणि सुमारे ९९,००० किलोमीटर. ही गाडी किती पळालीय हा प्रश्न तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. आणखी एक लाख जाईल का, आणि त्या लाखात किती खाईल, एवढंच विचारायचं होतं. लगेचचा खर्च: चार टायर १८,०००, सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड ७,५००, तो पाइप, आणि ऑइल-फिल्टर पाच हजार. मिळून ३२,४००. पुढे येणारा: क्लच सेट, एखाद-दोन इंजेक्टर, किरकोळ, त्यासाठी ४०,००० बाजूला. इंजिन उघडायला लागेल असं एकही लक्षण नव्हतं.

काकांसमोर मी हेच आकडे ठेवले, पाइपचा शोधही लपवला नाही. खरं तर लपवून ॲव्हरेजच्या नावाखाली आणखी तीस हजार पाडता आले असते. भावाच्या मते तेच करायला हवं होतं. पण ज्या माणसाने अकरा वर्षं टाकीटाकीचा हिशेब लिहिला त्याच्याशी तसं वागणं मला जमलं नाही. २,७२,००० ला ठरलं. खर्च धरून, २०२८ ला ७५,००० तरी येतील असं मानून, महिन्याला सहा हजारांच्या आत गाडी पडते.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा २०१८ मध्ये फिटला होता, पण उतरवलेला नव्हता. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मिळवण्यात दहा दिवस गेले. ई-चलनं दोन निघाली, ती काकांनी भरली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही. काका म्हणत होते, नावावर करायची घाई नाही, सावकाश करा. मीच त्यांना म्हटलं, "काका, घाई तुम्हालाच हवी." सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलंय की गाडी विकली तरी आरटीओत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. हे ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः एजंटच्या दारात उभे होते.

पाइप बदलल्यावर दुसऱ्या टाकीला ॲव्हरेज १९.२ आलं.

आता माझं काय चुकलं ते. क्लच दहा हजार किलोमीटरमध्ये जाईल असं मी छातीठोक सांगितलं होतं. तो अजून चालतोय, आणि भाऊ दर भेटीत आठवण करून देतो. ही चूक परवडणारी होती, दुसरी नव्हती. त्या डिसेंबरात तो पाचगणीला मुक्कामी होता. सकाळी सात वाजता गाडी चालूच होईना. बराच वेळ स्टार्टर मारल्यावर पांढऱ्या धुराचा लोट सोडून आणि मिसिंग करत उठली. थंडीत इंजिन चालू होण्यासाठी सिलिंडर तापवणाऱ्या चार हीटर प्लगपैकी तीन मेलेले निघाले. मी गार इंजिनाची एवढी परीक्षा घेतली, पण ती मे महिन्यात. साताऱ्याच्या उन्हाळ्यात कॉमन रेल इंजिनाला हीटर प्लगची गरजच पडत नाही, ते मेलेले असले तरी गाडी चटकन उठते. मल्टिमीटर लावून रेझिस्टन्स बघायला पाच मिनिटं पुरली असती. आणि हे प्लग काढणं वाटतं तितकं सोपं नसतं. वर्षानुवर्षांच्या काजळीने ते हेडमध्ये घट्ट बसतात आणि जोर केला तर मधूनच तुटतात. मग हेड काढण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. मेस्त्रीने दोन दिवस गंज सोडवायचं तेल मुरवलं, इंजिन कोमट करून एकेक पाव-पाव वळणाने सोडवला. सगळे शाबूत निघाले. साडेचार हजारांत सुटलो, पण ते दोन दिवस मला झोप नव्हती.

भाऊ तीच लाल वही पुढे लिहितोय. काकांनी ती गाडीबरोबरच दिली होती, पाऊण कोरी होती. मागच्या महिन्यात मीटर २,५३,००० च्या पुढे गेलं. ॲव्हरेज पुन्हा १८ वर आलंय, आणि दुपारच्या उन्हात गाडी चालू व्हायला तीन-चार सेकंद घेते. तीन नंबरचा इंजेक्टर काढून पंपवाल्याकडे दिलाय. परवा या म्हणालाय.